न घेतलेली भाकर

रविवारी ह्यांनी भाकर घेतली नाही. मी पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नसणार, कारण सगळ्यांना प्रभुभोजन वाटून झाल्यावर पाळक शेवटी स्वतः घेतो तेव्हा त्याची पाठ मंडळीकडे असते, आणि मंडळी डोळे मिटून बसलेली असते, निदान तसं दाखवत तरी असते. माझी जागा मात्र पेटीच्या बाजूला, खांबालगत. पाळकाची बायको म्हणून लग्नानंतर पहिल्याच रविवारी मला तिथं बसवलं ते अठ्ठेचाळीस वर्षं तिथंच. तिथून ह्यांचा अर्धा चेहरा दिसतो आणि गळा दिसतो. तो गळा मला पाठ आहे. भाकरीला घाटी एकदा वर जाते, प्याल्याला दोनदा. या रविवारी ह्यांनी शेवटचा तुकडा उचलला, छातीपर्यंत आणला आणि पांढऱ्या फडक्याखाली परत सारला. प्याला ओठाला लावला, पण घाटी हलली नाही. मग फडक्यानं प्याल्याची कड पुसली, नेहमीसारखी, सावकाश, आणि वळून आशीर्वाद दिला. आवाजात काडीचाही फरक नव्हता. मला त्याचीच भीती वाटली.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढंसं काय त्यात. पण आमच्या मंडळीत ही गोष्ट एवढीशी नसते. वाटप सुरू करण्याआधी पाळक दर रविवारी वाचतो, कुणाविषयी तुमच्या मनात काही असेल, किंवा कुणाच्या मनात तुमच्याविषयी काही असेल, तर आधी जा, समेट करा आणि मग इथं या. इतर ठिकाणी हे वाचतात आणि पुढं जातात. आमचे लोक ते शब्दशः धरतात. दोन सख्खे भाऊ गटाराच्या पाण्यावरून दोन वर्षं बाकावर बसून राहिलेले मी पाहिलेत. सगळे उठायचे, ते दोघे दोन टोकांना बसून छताकडे बघायचे. एक म्हातारी नणंदेच्या एका टोमण्यापायी सात महिने उठली नाही, आणि शेवटी नणंदच आजारी पडली तेव्हा तिला सूप पाजून आली नि मग उठली. कोण बसून राहिलं हे दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या घरांत पोचलेलं असतं. आणि इथं खुद्द पाळकच बसून राहिला होता, फक्त उभ्यानं.

जेवताना मी विचारलं, "घसा दुखतोय का?"

"नाही. का गं?"

"सहज."

"मग रस्सा वाढ की. हात का आखडतेस?"

पावाचे तीन तुकडे खाल्ले, रस्सा पुन्हा मागून घेतला. म्हणजे घसा ठीक होता. म्हणजे मनात काही तरी होतं. कुणाविषयी? माझ्या मनानं लगेच सगळ्या मंडळीला एका रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या चेहऱ्याजवळ दिवा नेऊन बघायला सुरुवात केली. पहिली आली ती शिंपीणबाई. ती विधवा झाली तेव्हापासून ह्यांच्या झग्याची उसवण कधी संपलेली नाही. एवढा उसवतो तरी कसा, असं मी एकदा विचारलं तर हे म्हणाले होते, "हात वर करून आशीर्वाद देतो ना, काखेत ताण येतो." मी हसले होते. तेव्हा मी पन्नाशीत होते नि ती चाळिशीत. आता आम्ही दोघीही गुडघे धरून जिने चढतो, पण संशयाला वय कुठलं समजायला! सोमवारी सकाळी मी झगा उलटा करून काखेतली शिवण तपासली. धागा जुना होता. त्या शिवणीला कित्येक महिन्यांत सुई लागलेली नव्हती. मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, झगा न देताही माणूस जाऊ शकतो.

सोमवार हा ह्यांचा सुटीचा. सोमवारी हे घरातले सगळे जोडे पायरीवर मांडून पॉलिश करतात. आमची लेक लहान होती तेव्हा शेजारी बसून डबीचं झाकण धरायची आणि कुणाचा जोडा कुठं गेला असेल त्याच्या गोष्टी रचायची. "बाबांचा डावा जोडा आज तीन आजारी माणसांकडे गेला, उजवा दोघांकडेच. उजवा आळशी आहे." तिच्या त्या गोष्टी मला अजून आठवतात, आणि त्या ऐकताना हे ब्रश थांबवून कसे हसायचे तेही. या सोमवारी ह्यांनी एकच जोड पुसला आणि तो घालून निघाले. "कुठं?" "दवाखान्यात जाऊन येतो." "आजाऱ्यांच्या भेटी मंगळवारी ना?" "उद्याही जाईन." सुटीच्या दिवशी हे फक्त मरणासाठी बाहेर पडतात, आणि कुणी मेलं असतं तर मला कळलं असतं, आमच्याकडे मरण आधी स्वयंपाकघरात येतं.

मंगळवारी गेले. बुधवारी गेले. बुधवारी संध्याकाळी बायकांच्या सभेसाठी मी खुर्च्या मांडत होते तेव्हा घंटा वाजवणारा म्हातारा दारात टेकून म्हणाला, "बाई, पाळकसाहेब दवाखान्यातच वस्तीला गेले की काय? रोज दुसऱ्या मजल्यावर असतात म्हणे. तिथल्या नर्स देखण्या आहेत, मी चौकशी केलीय."

"तुम्हीच का जाऊन पडत नाही मग तिथं?"

"पडलो असतो. पण घंटा कोण वाजवणार? तुम्ही?"

आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता त्याची नजर माझ्यावर एक क्षण जास्त राहिली असं मला वाटलं. याला काय माहीत आहे? सभेत एकीनं विचारलं, "पाळकसाहेब उतरल्यासारखे दिसतात, नाही?" आणि मला तिच्याही शब्दांच्या पोटात काही तरी दिसलं. मी घरी येऊन ह्यांच्या बैठकीच्या खोलीपाशी उभी राहिले. दार लोटलेलं होतं. पूर्वी हे दार उघडं ठेवून बसायचे.

त्या खोलीबद्दल सांगायला हवं. आमचं घर जुनं, चर्चच्या मालकीचं. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये पूर्वी दार होतं. ते बुजवून तिथं नुसत्या फळ्या मारल्या, वर रंग दिला. पलीकडे लोक येऊन पाळकाला मनातलं सांगायचे आणि अलीकडे माझी मोरी. सुरुवातीला मी भांडी मुद्दाम जोरात घासायची, ऐकू येऊ नये म्हणून. मग कधी कधी हात थांबायचा. खोटं कशाला बोलू, बऱ्याचदा थांबायचा. कुणाची सासू काय म्हणाली, कुणाला देवच नाही असं वाटतं, कुणाचा मुलगा कुणाच्या वळणावर गेला, सगळं त्या फळ्यांतून माझ्या मोरीत यायचं. एका म्हाताऱ्यानं एकदा कबूल केलं होतं की उपदेश चालू असताना तो चाळीस वर्षं मनात गुरांची नावं मोजतो. मी पदर तोंडात कोंबून हसले होते. ह्यांना ते कधी सांगितलं नाही, आणि हे मला कधी काही सांगत नसत. बाहेर जाताना प्रत्येकाला ह्यांचं एकच वाक्य ऐकू यायचं, "हे या खोलीबाहेर जाणार नाही." मी ऐकलेलंही कधी बाहेर गेलं नाही. एकदा सोडून.

त्या एकदाला बावीस वर्षं झाली. तेव्हा पेटी वाजवायला एक उंच, किडकिडीत तरुण होता. गाणाऱ्या मुलींनी त्याचं नाव बांबू ठेवलं होतं. पेटीपुढं बसला की गुडघे छातीला लागायचे. माझी लेक तेव्हा चोवीस वर्षांची. दोघांचं ठरलं होतं, दोन्ही घरांचा होकार होता, तारीख तेवढी काढायची होती. एका दुपारी बांबू ह्यांच्याकडे आला. मी बटाटे धूत होते. त्याचा आवाज पेटीसारखाच, हळू सुरू होऊन मग भरणारा. "मला फिट येतात," तो म्हणाला. "लहानपणापासून. औषधानं कमी आहेत, पण येतात." एवढं ऐकलं आणि मी मोरीपासून उठले. पुढचं ऐकलंच नाही. कानात रक्त वाजत होतं. माझा धाकटा भाऊ अशाच फेफऱ्यात विहिरीच्या काठावर पडला होता, मी नऊ वर्षांची होते, त्याची टाच मी धरली होती आणि ती निसटली. तीन दिवस मी वाट पाहिली, की हे काही बोलतील. हे काही बोलले नाहीत. बोलणारही नव्हते, तारीख काढून मोकळे झाले असते. चौथ्या दिवशी मी बांबूच्या आईकडे गेले आणि म्हणाले, "तुमच्या मुलाचं दुखणं आम्हाला कळलंय. मुलगी नको म्हणते." घरी येऊन लेकीला म्हणाले, "त्यांच्याकडून नकार आला. कारण सांगत नाहीत." दोन वाक्यं. एक तिकडे, एक इकडे. आठ दिवसांत तो आणि त्याची आई शहर सोडून गेले. लेक मानी, तिनं एक अक्षर विचारलं नाही. लांबच्या शहरात शिक्षिकेची नोकरी धरली, लग्न केलं नाही, दर गुरुवारी संध्याकाळी फोन करते, ह्यांची तब्येत विचारते, माझे गुडघे विचारते.

गुरुवारी फोन वाजला तो ह्यांनी उचलला. एरवी मीच उचलते. मी हात पुसत येईपर्यंत ह्यांचं चाललं होतं, "हो. हो गं. नाही, अजून नाही. बघतो... ही आली, देतो." काय अजून नाही? मी रिसीव्हर घेतला. "बाबांशी काय बोलत होतीस?" "डोळे तपासले का विचारलं. का?" "सहज." "आई, तू हल्ली फार सहज विचारतेस." ती हसली. मीही हसले. पण माझा विश्वास बसला नाही. डोळ्यांच्या गोष्टीला माणूस आवाज खाली करतो का?

शुक्रवारी सकाळी हे एका दफनाला गेले. जाताना चहाचा थर्मास ओट्यावरच राहिला, भरलेला, झाकण घट्ट लावलेला. हा थर्मास सोमवारपासून रोज जात होता. माझ्या हातात आयतंच कारण आलं. मी दवाखान्यात गेले. दुसरा मजला, पुरुषांचा वॉर्ड. मी नर्सला विचारलं, "पाळक कुणाकडे येतात?" ती खरंच देखणी होती. खिडकीजवळच्या पलंगाकडे बोट करून म्हणाली, "बरं झालं आलात, त्यांना नातेवाईक कुणीच नाहीत." पलंगाच्या कडेबाहेर पाय आले होते. इतके लांब पाय मी एकाच माणसाचे पाहिले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. चेहऱ्यावर दाढीचे पांढरे खुंट. मी मागं वळणार होते.

"या बाई," तो म्हणाला. "चप्पल अजून तशीच ओढता. आवाजावरून ओळखलं."

"हातांना काय झालं रे?"

"शेगडी पेटलेली होती आणि फिट आली. तिच्यावरच पडलो. बदली होऊन तीन महिने झाले इथं येऊन. चर्चकडे पाय वळत नव्हते. शेवटी अ‍ॅम्ब्युलन्सच चर्चवरून गेली." तो हसला. तेच हसू, दातांत फट असलेलं. "थर्मास आणलात वाटतं? मग पाजावा लागेल. हे हात शोभेचे आहेत."

मी कपात चहा ओतला, फुंकर घातली, एका हातानं त्याची मान धरली आणि कप ओठांना लावला. त्याची घाटी वर गेली, खाली आली. बावीस वर्षांपूर्वी हे सगळं माझ्या लेकीच्या वाट्याला येऊ नये म्हणून मी धडपडले होते.

"पाळकसाहेबांना सांगा, एक दिवस दम घ्या," तो म्हणाला. "रोज येतात नि बसून राहतात. मला बोलणारं माणूस हवं, बसणारं नको. चूक माझीच. शनिवारी पहिल्यांदा आले तेव्हा मी विचारून बसलो. बावीस वर्षं विचारीन विचारीन म्हणत होतो. म्हटलं, तुमच्यापाशी बोललो ते माझ्या आईच्या कानावर कसं आलं? ते म्हणाले, 'माझ्याकडून गेलं नाही.' तेवढंच. मग खिडकीबाहेर बघत बसले."

मी कप पुन्हा भरला.

"मला एवढंच कळलं नाही बाई, की ती नको का म्हणाली. तिला तर मी आधीच सांगितलं होतं. तेव्हा हसली होती. म्हणाली, एवढा बांबू पडला तर उचलायला मी एकटी पुरेन का, आईलाही शिकवून ठेवू. पाळकसाहेबांकडे मी आलो ते त्यासाठीच. तुम्हाला कसं सांगावं, हे विचारायला. तुमच्या भावाचं तिनं मला सांगितलं होतं."

मला नजर उचलता येईना. तो माझ्याकडे बघत होता की माझ्या मागच्या भिंतीकडे, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याला खरंच ठाऊक नव्हतं, की बिचारा मला वाट करून देत होता? मी कप नळाखाली धुतला, पुसला, कपाटावर उपडा घातला आणि "येते" म्हणून निघाले. घरापर्यंतच्या रस्त्यात मी ह्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते. माझ्याकडून गेलं नाही, म्हणे. मग उरलं कोण त्या घरात? ह्यांनी ओळखलं होतं. मला वाढायला सांगत होते, माझ्या हातचं जेवत होते, आणि तरी भाकर घेत नव्हते. जिच्याविषयी मनात काही होतं ती खांबालगत बसलेली मी होते. आणि गुरुवारी फोनवर "अजून नाही" म्हणाले ते हेच असणार. लेकीलाही कळलंय. दोघं मिळून माझ्या तोंडून ऐकायची वाट बघताहेत.

शनिवारी हे उपदेश तयार करतात. कागदाचे चिटोरे टेबलावर पत्त्यांसारखे लावायचे, हलवायचे, मोठ्यानं म्हणून बघायचे. मी अलीकडे उभी होते. पलीकडून एक शब्द येत नव्हता. तासभर झाला. मग मी हात पुसले आणि घरातल्या दारानं न जाता, बाहेरून, व्हरांड्याच्या बाजूनं, जिथून लोक येतात त्या दारानं आत गेले. समोरच्या वेताच्या खुर्चीत बसले. या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. तिथून फळ्या सरळ समोर दिसतात. एका फटीतून माझ्या मोरीवरचा उजेडसुद्धा दिसतो. हे चिटोऱ्यांवरून वर बघत राहिले.

"मी बांबूकडे गेले होते."

"ठाऊक आहे. कप घासून उपडा घातलेला होता. तिथं कुणी कप उपडा घालत नाही."

"तुम्ही माझ्यावर रागावलात. म्हणून रविवारी घेतली नाहीत."

ह्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय हे एकदम म्हातारे दिसतात, आणि परके.

"तुझ्यावर?" हे म्हणाले. "अगं, मला त्याच दिवशी कळलं होतं. तो बोलत होता आणि पलीकडे पाण्याचा आवाज थांबला. मग तुझी पावलं ऐकली. पुढं चार दिवसांनी लग्न मोडलं. मी काय दुधखुळा आहे?"

बावीस वर्षं मी या माणसापासून एक गोष्ट लपवत आले होते आणि ती त्याच्या खिशात होती.

"मग बोलला का नाहीत?"

"तेच तर." चिटोरे गोळा करून ह्यांनी पालथे ठेवले. "लेकीला त्याच्या फिटचं ठाऊक आहे, हे त्यानं मला सांगितलं होतं. तू लेकीला खोटं सांगितलंस तेव्हा मी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. एक वाक्य बोललो असतो तर सगळं सरळ झालं असतं. मी म्हटलं, हे या खोलीबाहेर जायचं नाही, पाळकाला बोलता येत नाही. फार सोयीचं होतं ते. मला बरं वाटलं होतं गं. लेक सुटली असं वाटलं, आणि दोष मात्र तुझा. आणि त्या शनिवारी तो पट्ट्या बांधलेला पडलेला, विचारतो तर मी काय म्हणालो? माझ्याकडून गेलं नाही. खरं बोललो. तुला पुढं ढकलली आणि स्वतः मागं उभा राहिलो."

"आणि दर रविवारी घेत होतात?"

"घेत होतो. तूही."

"मीही."

मला राग आला होता, आणि तो कुणावर आला होता ते मला कळत नव्हतं. दर सोमवारी पायरीवर बसून जोडे पुसणारा हा माणूस सगळं माहीत असून पुसत होता.

"लेकीला ठाऊक आहे?" मी विचारलं. "गुरुवारी काय अजून नाही म्हणालात?"

"डोळे तपासले नाहीत म्हणालो."

"आवाज खाली केलात."

"तू ओरडशील म्हणून. चारदा आठवण करून दिलीस ना तू."

मी टेबलावरचा फोन ओढून घेतला. ह्यांनी हात पुढं केला. "मी सांगतो तिला."

"माझं मी सांगणार. तुमचं तुम्ही सांगा."

दुसऱ्याच घंटेला तिनं उचलला. "आई? आज शनिवार ना? बाबा बरे आहेत?"

"बरे आहेत. समोर बसलेत. मी बोलते ते ऐक, मध्ये बोलू नकोस."

मी सांगितलं. मोरीपासून सुरुवात केली आणि दोन्ही वाक्यं जशीच्या तशी म्हटली, तिच्याकडची आणि बांबूच्या आईकडची. भावाची टाच सांगणार होते, पण तोंडाशी आलेलं गिळलं. ते कारण मी फार दिवस वापरलं होतं. मग शेगडी सांगितली, पट्ट्या सांगितल्या. बोलून झालं तरी पलीकडून काही येईना. मला वाटलं फोन कट झाला.

"ऐकतेस ना?"

"कोणता वॉर्ड?" ती म्हणाली.

"पुरुषांचा. दुसरा मजला. खिडकीजवळचा पलंग."

"हात कोणता भाजलाय?"

"दोन्ही."

तिनं फोन ठेवला. ओरडली नाही, रडली नाही, माझे गुडघे विचारले नाहीत. मी रिसीव्हर तसाच धरून बसले.

"काय म्हणाली?"

"वॉर्ड विचारला."

"माझ्याबद्दल?"

"तुमचं मी सांगितलंच नाही. घ्या."

ह्यांनी रिसीव्हर घेतला आणि बोट आकड्यांवर थांबलं. सगळ्या मंडळीचे नंबर तोंडपाठ असलेल्या या माणसाला स्वतःच्या लेकीचा नंबर येत नव्हता. इतकी वर्षं तीच करायची, नाहीतर मी लावून द्यायची. मी एकेक आकडा सांगितला. हे एकेक दाबत गेले, कान देऊन ऐकत राहिले. मग रिसीव्हर कानापासून दूर धरला.

"एंगेज आहे."

"पुन्हा लावा."

ह्यांनी पुन्हा लावला. या वेळी आकडे मला विचारले नाहीत. मी टेबलावरून वाकून ऐकलं. तोच तुटक तुटक आवाज. पलीकडे लेक कुणाशी तरी बोलत होती.